जुनी स्प्रिंगवाली एअर पिस्तुलं: ताकद किती, आणि ती जाते कुठे?

ओव्हरलिव्हर

नमस्कार मंडळी,

"जुनं वेब्ली हाती आलंय, ०.१७७ इंच नळीचं. क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) जेमतेम शंभर मीटर प्रतिसेकंद दाखवतं. स्प्रिंग गेली का?" अशा अर्थाचे प्रश्न हल्ली सारखे दिसतात. खाली पहिला प्रतिसादही ठरलेला: जोरदार स्प्रिंग टाका. या सल्ल्यापायी चांगली पिस्तुलं खराब होतात, म्हणून मुद्दाम हा धागा काढतोय. इथे फक्त स्प्रिंग आणि दट्ट्यावर चालणारी पिस्तुलं घेऊ. एकदा पंप करून हवा साठवणारी वॉल्थर एलपी २ आणि एलपी ३, किंवा सीओटूवर चालणारी, त्यांचा हिशोबच वेगळा.

आधी अपेक्षा ताळ्यावर आणू. वेब्ली या ब्रिटिश कंपनीचं पहिलं एअर पिस्तूल १९२४ चं. सीनिअर १९३० मध्ये आलं, मग प्रीमिअर १९६४, हरिकेन १९७५, टेम्पेस्ट १९७९. इतक्या वर्षांत मांडणी जवळपास तीच राहिली. वर नळी, खाली सिलिंडर, आणि नळीच तरफेचं काम करते. मागची खिटी सोडायची, नळी उचलून पुढे न्यायची, की दट्ट्या पुढे ओढला जातो आणि स्प्रिंग दबते. ट्रिगर ओढला की दट्ट्या मागे, म्हणजे आपल्या मनगटाच्या दिशेने धावतो आणि दाबलेली हवा मागच्या छिद्रातून वर वळून नळीत शिरते. या मांडणीमुळे पिस्तूल आटोपशीर राहतं आणि तरी नळी जवळजवळ पूर्ण लांबीची मिळते. १९२४ साली हे सुचणं म्हणजे कमालच आहे.

ठणठणीत सीनिअर किंवा टेम्पेस्ट ०.१७७ मध्ये साधारण १०० ते १२० मी./से. देतं. ०.२२ मध्ये ८० ते १००. लहान ज्युनिअर याहून खाली. म्हणजे वरच्या प्रश्नातलं पिस्तूल आजारी असेलच असं नाही. अर्धा ग्रॅमचा छर्रा १०० मी./से. वेगाने गेला तर ऊर्जा २.५ ज्यूल, १२० ला ३.६ ज्यूल. या पिस्तुलांची सगळी दुनिया या दोन आकड्यांच्या आसपास आहे. ब्रिटनमध्ये एअर पिस्तुलाला ६ फूट-पाउंडांची, म्हणजे सुमारे ८.१ ज्यूलची कायद्याची मर्यादा आहे. जुनी स्प्रिंगवाली बहुतेक तिच्या निम्म्यापर्यंतही जात नाहीत.

नवखा_नेम

छान धागा. एक शंका. ०.२२ चा वेग कमी, पण छर्रा जड. मग त्याची ऊर्जा जास्त धरायची का?

ओव्हरलिव्हर

हिशोब करून बघा. छर्‍याचं वजन किलोग्रॅममध्ये घ्यायचं, त्याचं निम्मं करायचं, वेगाच्या वर्गाने गुणायचं, उत्तर ज्यूलमध्ये. ०.९ ग्रॅमचा छर्रा ८५ मी./से. ला ३.२५ ज्यूल देतो. अर्धा ग्रॅमचा छर्रा ११४ ला बरोबर तेवढीच. वेगात चांगलाच फरक, ऊर्जेत काहीच नाही. म्हणून एकाने ०.१७७ चा आणि दुसर्‍याने ०.२२ चा वेग सांगून वाद घालण्यात अर्थ नाही. ताकद विचारायची तर ज्यूल विचारा, आणि छर्‍याचं वजन सांगितल्याशिवाय नुसता वेग लिहू नका.

चामडी_वॉशर

मी ही पिस्तुलं उघडतो, साफ करतो, परत बसवतो. त्यामुळे "जाते कुठे" या अर्ध्या भागावर लिहितो.

पिस्तुलातली ऊर्जा शेवटी माणसाच्या हातातून येते. रायफलीला लांब नळीची तरफ मिळते, पिस्तुलाला वीतभर. उदाहरणादाखल धरा की दबण्याच्या सुरुवातीला स्प्रिंगचा जोर १०० न्यूटन आहे, शेवटी २५० आणि दट्ट्याची धाव ५ सेंटिमीटर. सरासरी १७५ न्यूटन गुणिले ०.०५ मीटर, म्हणजे पावणेनऊ ज्यूल. एवढीच पुंजी. तिच्यातली छर्‍यापर्यंत तीस टक्के पोचली तर २.६ ज्यूल, म्हणजे अर्धा ग्रॅमच्या छर्‍याला सुमारे १०२ मी./से. आता वरचा "जेमतेम शंभर"चा आकडा परत बघा.

बाकीची सत्तर टक्के कुठे गेली? मोठा वाटा हवा तापवण्यात. हवेचं आकारमान झटक्यात विसाव्या भागावर आणलं तर आदर्श हिशोबाने तिचं तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास जायला हवं. प्रत्यक्षात ती उष्णता सिलिंडरच्या भिंती आणि दट्ट्याचं तोंड पिऊन टाकतात, आणि सिलिंडर जितका लहान तितका हवेच्या मानाने भिंतींचा पृष्ठभाग जास्त. पिस्तूल इथेच मार खातं. शिवाय स्प्रिंगचं स्वतःचं वजन हलवावं लागतं, ती आत घासते, पिळवटते. हवेच्या वाटेतल्या छिद्राच्या तोंडाशी आणि वळणावर काही हवा अडकून राहते. वेब्लीत तर ती वाट वर वळते. आणि दट्ट्या शेवटी उसळतो, त्यात गेलेली ऊर्जा छर्‍याच्या काही कामाची नाही.

जोरदार_खटका

एवढं गणित मान्य. मग पुंजी वाढवा ना! वीस टक्के जोरदार स्प्रिंग टाकली की झालं. मी टाकली आहे, खटका ओढताना फरक कळतो.

चामडी_वॉशर

कळतो हे खरं, पण कळतो तो हाताला. वेगात बघा. ऊर्जा वीस टक्के वाढली आणि तीच टक्केवारी छर्‍यापर्यंत पोचली, तरी वेग वाढतो साडेनऊ टक्क्यांनी, कारण वेग वर्गमुळात येतो. १०२ चे ११२. हे झालं सगळं सुरळीत गेलं तर. तसं ते सहसा जात नाही. जास्त जोराने आलेला दट्ट्या छर्रा पुरता हलायच्या आत हवेच्या उशीवर आदळतो, मागे उसळतो, आणि ऐन मोक्याच्या क्षणी दाब घसरतो. क्रोनोग्राफवर मग दोन-चार मीटरची वाढ दिसते किंवा वेग चक्क उतरतो. इकडे कॉक करायला, म्हणजे स्प्रिंग दाबून अडकवायला, दुप्पट ताकद लागल्यासारखी वाटते, खिटी आणि नळीच्या बिजागरीवर ताण येतो, सिअरची, म्हणजे दट्ट्या अडकवून ठेवणाऱ्या आकड्याची, धार झिजते.

आणखी एक धोका. जाड तारेच्या स्प्रिंगची वेटोळी पूर्ण दबल्यावर एकमेकांना टेकतात. तरीही नळी पुढे रेटत राहिलात तर बिजागरीची पिन वाकते. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या पिनेवर हा प्रयोग करू नका.

जोरदार_खटका

बिजागरीचा मुद्दा पटला. पण मग उतरलेली स्प्रिंग तशीच ठेवायची का?

चामडी_वॉशर

नाही, बसलेली स्प्रिंग जरूर बदलायची. पण मूळ मापाची घ्यायची. स्प्रिंग बाहेर काढा, सपाट काचेवर लोळवा. ती सरळ लोळली आणि लांबी मूळ मापाच्या जवळपास असली तर तिला हात लावू नका. वाकडी झाली असेल, तर लांबी ठीक असूनही बदला, कारण वाकडी स्प्रिंग सिलिंडरला घासते आणि सुटताना खरखरते. कॉक केलेलं पिस्तूल तासन्‌तास तसंच ठेवल्याने स्प्रिंग बसते, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनेही ते वाईटच.

पण स्प्रिंगच्या आधी वॉशर. माझ्याकडे येणार्‍या "अशक्त" पिस्तुलांत बहुतेकदा गळती सापडते. दोन जागा बघायच्या. पहिली, नळी जिथे हवेच्या छिद्राला टेकते ते चिमुकलं वॉशर. टिश्यू पेपरची बारीक पट्टी त्या सांध्यावर हलकेच ठेवा, छर्रा भरा आणि सुरक्षित दिशेला झाडा. पट्टी उडाली किंवा फडफडली तर हवा तिथून निसटतेय. हे वॉशर बदलणं सगळ्यात सोपं आणि वेगातला फरकही सगळ्यात मोठा. कडक होऊन दबलेलं वॉशर काढून नवं बसवलं की मरगळलेलं पिस्तूल एकदम जागं होतं, मग कुणालाच जोरदार स्प्रिंगची आठवण येत नाही.

दुसरी जागा दट्ट्याचं सील. जुन्या पिस्तुलांत चामड्याची वाटी असते, वेब्ली सीनिअरसारख्यांत धातूची कडी, टेम्पेस्ट-हरिकेनच्या काळात पीटीएफईची (टेफ्लॉनची) कडी आली. चामडं वर्षानुवर्षं कोरडं राहिलं की आकसतं, त्याची कड भिंतीला टेकत नाही. त्याला चामड्यासाठीचं नीट्सफूट तेल पाजून रात्रभर ठेवलं की ते फुगून पुन्हा आकार धरतं. करकरीत होऊन चिरलं असेल तर नवं कापावं लागतं.

छर्रा_साडेचार

तेलावरून महत्त्वाचं. सीलला तेल पाजल्यावर पहिल्या काही छर्‍यांचे आकडे लिहूनच ठेवू नका. आतलं जास्तीचं तेल दाबलेल्या गरम हवेत पेट घेतं, आवाज फुटतो, तोंडातून धूर येतो, आणि वेग अचानक वीस-तीस मीटरने उडी मारतो. लोक तोच आकडा पकडून "माझं १५० देतं" म्हणून सांगतात. ती ताकद स्प्रिंगची नाही, तेलाची आहे, आणि ती सील जाळते, स्प्रिंगला उलटा तडाखा देते. हलकं यंत्रतेल किंवा गंज सोडवायचा फवारा हवेच्या छिद्रात कधीही मारू नये. धूर पूर्ण थांबेपर्यंत झाडत राहायचं, वेग एका पट्ट्यात स्थिरावला की मग मोजायला घ्यायचं.

रिकामं मात्र कधी झाडू नका. छर्रा नसला की हवेची उशीच तयार होत नाही आणि दट्ट्या थेट सिलिंडरच्या टोकावर आपटतो. जुन्या ओतीव भागांना त्यानेच तडे जातात.

नवखा_नेम

क्रोनोग्राफवर कसं मोजता? माझे आकडे प्रत्येक वेळी वेगळे येतात.

छर्रा_साडेचार

एकाच डब्यातले छर्रे, एकाच वजनाचे. जमलं तर छोट्या काट्यावर तोलून घ्या. पहिले काही सोडून द्या, मग सलग दहा मोजा. सरासरीबरोबर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यातला फरकही लिहा. थंड सिलिंडरमध्ये ग्रीस घट्ट असतं, म्हणून थंडीत आणि उन्हाळ्यात आकडे बदलणारच.

छर्रा नळीत किती घट्ट बसतो हे बारकाईने बघा. वेब्लीत छर्रा नळीच्या मागच्या टोकाशी बोटाने भरतात. एखाद्याचा घेर नळीच्या काठाशी सपाट बसतो, एखाद्याचा केसभर बाहेर राहतो आणि नळी बंद करताना चेपतो. चेपलेल्याचा वेग वेगळा येतो. सैल छर्रा दाब चढायच्या आतच निसटून पुढे जातो, तोही वेग कमी. थोडा घट्ट बसणारा छर्रा दाब चढेपर्यंत थांबतो, पण फार घट्ट झाला तर दट्ट्या उसळतो. प्रत्येक नळीची आवड वेगळी. माझ्या अनुभवात या पिस्तुलांना नरम शिशाचे, हलके, सपाट डोक्याचे छर्रे सगळ्यात मानवतात. जड छर्रे त्यांना झेपत नाहीत.

पंचकोन

जर्मन बाजू कुणीच घेतली नाही म्हणून लिहितो. जर्मनीत १९७० पासून साडेसात ज्यूलपर्यंतच्या हवाई शस्त्रांवर पंचकोनात 'एफ' अक्षराची खूण असते. अर्धा ग्रॅमच्या छर्‍याला साडेसात ज्यूल म्हणजे सुमारे १७३ मी./से. त्यामुळे खूण बघून पिस्तूल तेवढं देतं असं समजू नका, ती वरची मर्यादा आहे.

जर्मन कारखान्यांनी दुसरी वाट धरली. डायना मॉडेल ५ किंवा वाइरौख एचडब्ल्यू ७० बघा. नळी मोडून कॉक करायची, सिलिंडर मुठीच्या वर, दट्ट्या पुढे धावणार. रायफलच आखूड केल्यासारखी मांडणी. सिलिंडरला जागा मिळते, तरफ लांब होते, पण पिस्तूल लांबलचक आणि पुढून जड. वॉल्थर एलपी ५३ मध्ये तर सिलिंडर मुठीतच आहे, दट्ट्या वर धावतो. दिसायला देखणं, जेम्स बाँडच्या प्रसिद्धीछायाचित्रांत शॉन कॉनरीच्या हातात हेच होतं. पण मुठीत मावेल तेवढीच हवा, म्हणून वेग वेब्ली सीनिअरच्याही खाली. कॉक करणं सोपं जावं म्हणून नळीच्या तोंडावर बसवायचा लाकडी गोळा सोबत येतो. तो हरवला असेल तर उघड्या नळीवर तळवा दाबून कॉक करू नका, पुढच्या माशीने (नेम धरायच्या खुणेने) हात कापतो.

ताकदीत या सगळ्यांना मागे टाकणारं एचडब्ल्यू ४५, अमेरिकेत १९८५ पासून बीमन पी १ नावाने गाजलेलं. वेब्लीसारखीच वरून उघडणारी मांडणी, पण सिलिंडर मोठा, सील आधुनिक. ०.१७७ मध्ये १६० मी./से. च्या आसपास जातं. त्यात अर्ध्यावर कॉक करून कमी ताकदीवर झाडायची सोय आहे, आणि कागदावर नेम साधणारे बरेच जण ती कमी ताकदच वापरतात.

ओव्हरलिव्हर

पंचकोन, हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. ताकद असूनही ती बाजूला ठेवतात, कारण पिस्तूल हातात हलतं.

स्प्रिंगच्या पिस्तुलात छर्रा तोंडातून बाहेर पडायच्या आधीच सगळी उलथापालथ सुरू झालेली असते. सतरा सेंटिमीटरच्या नळीत छर्‍याचा सरासरी वेग ५० मी./से. धरला तरी तो साडेतीन मिलिसेकंद आत असतो. त्याच्याही आधी दट्ट्याची धाव. वेब्लीत दट्ट्या मागे जात असताना पिस्तूल आधी किंचित पुढे सरकतं, मग दट्ट्या थांबताना मागे आणि वर उचललं जातं. रायफलीच्या बरोबर उलट. मूठ आवळून धरली की प्रत्येक वेळी वेगळी आवळली जाते आणि छर्रे विखुरतात. हात मोकळा, पकड दर वेळी तीच, मनगट ताठ पण बोटं सैल, असं धरलं की तेच पिस्तूल दुसरंच वाटतं.

आता १० मीटरवर वेगाचा अर्थ काय ते बघा. १०० मी./से. ला छर्रा जवळपास ५ सेंटिमीटर खाली येतो. ती घसरण माशी लावून भरून काढता येते. पण एक छर्रा १०० ने आणि पुढचा ९६ ने गेला तर तो आणखी ४ मिलिमीटर खाली लागतो. १० मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर असतो. म्हणजे चार मीटरच्या चढउताराने त्याचा तिसरा हिस्सा खाल्ला. म्हणून १२० वर दहा मीटरचा चढउतार असलेल्या पिस्तुलापेक्षा ९५ वर दोनचा चढउतार असलेलं मी केव्हाही घेईन. विकत घेताना विचारायचं असेल तर हाच आकडा विचारा.

पंचकोन

याच कारणाने स्पर्धेसाठीची स्प्रिंग पिस्तुलं ताकदीच्या मागे लागली नाहीत. फाइनवेर्कबाउ ६५ घ्या. वेग १५० च्या आतबाहेर, कॉक करायला बाजूची तरफ. पण खटका सुटला की वरचा सगळा भाग रुळांवर मागे सरकतो, त्यामुळे मुठीला धक्का जवळजवळ लागत नाही. ही सरक बंद करायची कळही त्यावर आहे, काडतुसाच्या पिस्तुलाचा सराव करणार्‍यांसाठी. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तूल आलं तोपर्यंत स्पर्धेची हवा दुसर्‍या तंत्रांकडे वळली होती. तरी आजही नीट ठेवलेलं ६५ कागदावर एकाच भोकात छर्रे घालतं.

डायना मॉडेल ६ आणि १० मध्ये वेगळा उपाय. दोन दट्ट्ये, एकाच क्षणी एकमेकांच्या विरुद्ध दिशेला. पुढचा हवा दाबतो, मागचा फक्त धक्का खोडून काढतो. दोघांना दात्यांच्या चाकांनी जोडलेलं असतं. स्प्रिंगची बरीच पुंजी मागच्या दट्ट्याला हलवण्यात जाते, म्हणून वेग बेताचाच. डिझायनरने जाणूनबुजून केलेला तो सौदा आहे.

नवखा_नेम

योगायोग बघा, माझ्याकडे मॉडेल ६ आहे. कॉक होतं, पण छर्रा नळीतच अडकतो. स्प्रिंग तर चांगली जोरदार लागते.

चामडी_वॉशर

मग सीलच गेलं असणार. त्या काळातलं मूळ कृत्रिम सील वापर असो वा नसो, वर्षांनी आपोआप कुजतं. तपकिरी, मेणासारखा चुरा होतो. नळीत किंवा हवेच्या छिद्रात तसा चुरा दिसतोय का बघा. दिसला तर अडकलेला छर्रा गजाने पुढून हलकेच ढकलून काढा, आधी पिस्तूल कॉक केलेलं नाही याची खात्री करून, आणि नवं सील येईपर्यंत ते झाडू नका. सीलशिवाय दट्ट्या आपटत राहतो.

उघडायचं असेल तर स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा लागेलच, नुसत्या हाताने उघडू नका. दात्यांची चाकं काढण्यापूर्वी ती दट्ट्यांच्या कोणत्या दात्यात बसली आहेत ते दोन्ही बाजूंनी खूण करून ठेवा, फोटोही काढा. एक दाता चुकला तरी दोन्ही दट्ट्ये वेगवेगळ्या वेळी थांबतात, धक्का परत येतो आणि चाकांचे दाते तुटतात. ती चाकं सहजासहजी मिळत नाहीत.

नवखा_नेम

तपकिरी चुरा आहे. छिद्राच्या कडेला चिकटलाय, टाचणीने खरवडला तर मेणासारखा निघतो. सील मागवतो. खुणा करून, फोटो काढून मगच उघडेन आणि बसवल्यावर दहा छर्‍यांचे आकडे इथेच टाकतो, चढउतारासकट.